जाळी आहे का?

पूर्वी पुण्यात मांजर कोणी पाळत नसे. ते असायचं. वाड्यात आड असायचा, माडीवर जुन्या भाड्यातला भाडेकरू असायचा आणि माळ्यावर मांजर असायचं. यातलं काहीच कोणी मुद्दाम आणलेलं नसे. मांजर कोणाचं, हा प्रश्न क्वचित निघे. त्याने उंदीर धरला की ते आमचं, आणि कोणाच्या दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं की समोरच्या बिऱ्हाडाचं. नावंही फार शोधावी लागत नसत. मादी असली तर मनी. नर असला तर बोका, आणि तेही नाव नव्हे, हुद्दाच. हातून मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, अशी समजूत होती. सोन्याचा भाव प्रत्येक पिढीला परवडण्यापलीकडचाच वाटत आल्यामुळे मांजराच्या जिवाला वाड्यात एकंदरीत धोका नव्हता.

मग रीडेव्हलपमेंट आली. कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं जुनी माणसं म्हणत, ते बिल्डरांनी खरं करून दाखवलं. वाडा पाडायला घेतला की रहिवाशांना दुसरीकडे राहायचं भाडं मिळतं, टेम्पोचे पैसे मिळतात. पण करारनाम्याच्या साठ पानांत मांजराचा उल्लेख कुठेच नसतो. माणसं फडताळं घेऊन वारज्याला गेली, मांजर पत्रे ठोकलेल्या आवारात राहिलं. वाळूचा ढीग दिसल्यावर ही सोय आपल्यासाठीच केली आहे, असा त्याचा प्रामाणिक समज झाला. दोन-तीन वर्षांनी तिथे बारा मजली इमारत उभी राहिली. तिला माळा नाही, कौलं नाहीत, आणि शिंकं तर नाहीच, त्यामुळे ते तुटायची वाट बघत बसण्यातही अर्थ उरला नाही.

अशी रस्त्यावर आलेली, गाडीखाली सापडलेली, कोणीतरी खोक्यात घालून दवाखान्याच्या दारात सोडलेली मांजरं उचलायची, बरी करायची आणि त्यांना घर शोधून द्यायचं, हा उद्योग करणारी माणसं पुण्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरीच वाढली. 2007 साली सुरू झालेला रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे, इतर संस्था आहेत, अग्निशामक दलालाही झाडावर चढलेल्या आणि पाइपात अडकलेल्या मांजरांसाठी फोन जातात. पण या उद्योगाचा खरा कारखाना म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांच्या फ्लॅटमधलं बाहेरचं बाथरूम. एखाद्या घरी गेल्यावर यजमान घाईघाईने “आतलं वापरा, आतलं” म्हणाले, तर नळ बिघडलाय असं समजू नये. आत चार पिल्लं आहेत.

याला फॉस्टर करणं म्हणतात. म्हणजे मांजर आपलं नाही, कायमचं ठेवायचं नाही, कोणी चांगलं घर मिळेपर्यंत सांभाळायचं आणि मग हसतमुखाने देऊन टाकायचं. यातलं हसतमुखाने सोडून बाकी सगळं लोकांना जमतं.

खरं तर ही पद्धत मांजरांना नवीन नाही. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जागा असुरक्षित वाटली, कोणी फार डोकावायला लागलं, की आई एकेक पिल्लू मानेला धरून हलवते. नेमकी त्या वेळी, म्हणजे दोन पिल्लं नवीन घरी आणि दोन जुन्या घरी अशा अवस्थेत, एखादी दयाळू व्यक्ती तिथून जाते, “अगं बाई, आईने टाकलं गं!” म्हणते आणि उरलेली दोन पिशवीत घालते. म्हणून या क्षेत्रातला पहिला धडा पिल्लू कसं उचलावं हा नसून कसं उचलू नये हा आहे. पिल्लं गुबगुबीत असतील, शांत झोपली असतील, तर लांब उभं राहून काही तास नुसतं बघायचं. लांब उभं राहून बघणं पुणेकराला शिकवावं लागत नाही. बघताना बोलायचं नाही, एवढंच शिकवावं लागतं.

जुन्नर-ओतूरकडे हेच काम मोठ्या मापात चालतं. ऊसतोडणीच्या हंगामात फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं ती तपासतात, संध्याकाळी त्याच शेतात क्रेटमध्ये ठेवतात आणि बाजूला होतात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू घेऊन जाते. कधी कधी बिबट्याची म्हणून आरडाओरडा होतो ती पिल्लं निघतात वाघाटीची. वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढ झाली तरी वजन जेमतेम दीड किलो. आमच्या पार्किंगमधला बोका याहून जड आहे, आणि त्याला बघून कोणी वनखात्याला फोन केलेला नाही.

आई खरोखरच नसेल तर मात्र कठीण. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर चार पिल्लं आली, डोळेही न उघडलेली. काकूंनी आधी वाटीत दूध आणलं. मांजर म्हटलं की दूध, हे आपल्याला बालवाडीपासून शिकवलेलं असतं. ते चुकीचं आहे. गाई-म्हशीच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात. “अगदी चितळ्यांचंही नाही?” काकूंनी डॉक्टरांना विचारलं. नाही म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. पुण्यात जन्मून ही परिस्थिती म्हणजे पिल्लांचं नशीबच म्हणायचं. मग पिल्लांच्या दुधाची पावडर आली, सिरिंज आली, आणि दर दोन-तीन तासांनी गजर लागू लागला. दिवसा काकू, रात्री काका. इतकी लहान पिल्लं स्वतःहून शूसुद्धा करू शकत नाहीत. आई चाटून करवते. आई नसेल तर ओल्या कापसाने पुसून ते काम माणसाला करावं लागतं.

काका बँकेतून निवृत्त झालेले. पहाटे तीनला मी एकदा दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना, दिवा दिसला. काका डायनिंग टेबलाशी बसले होते. समोर चकलीची भाजणी मोजायचा काटा, काट्यावर प्लास्टिकचा डबा, डब्यात एक पिल्लू, आणि शेजारी लाल फितीची जाड वही. वहीत प्रत्येक पिल्लाचं स्वतंत्र खातं होतं. डावीकडे जमा: दूध, मिलिलिटरमध्ये. उजवीकडे खर्च: तो कापसावरचा. शेवटी शिल्लक, म्हणजे वजन, ग्रॅममध्ये. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. “तीन नंबरच्या खात्यात काल फक्त चार ग्रॅम जमा आहेत,” काका चश्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले. त्यांचा चेहरा बुडीत कर्ज निघाल्यासारखा झाला होता. स्वतःच्या मुलासाठी हे रात्री एकदाही उठले नाहीत, असं काकू सांगतात. तेव्हा मला ऑडिट असायचं, असं काका सांगतात.

पिल्लांची नावं फराळावरून पडली. पिवळसर-तांबूस ते लाडू. या रंगाची मांजरं बहुतेक नर असतात. पांढरी ती करंजी. काळंकुट्ट होतं ते, तळताना लक्ष नव्हतं म्हणून, अनारसा. आणि काळा-पांढरा-तांबडा असे तिन्ही रंग अंगावर उधळलेलं चौथं, म्हणजे तीन नंबरचं खातं, ते चिवडा. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, रंगाचं ते जनुक एक्स गुणसूत्रावर असतं वगैरे. पण तोवर नाव तोंडात बसलं होतं. चिवडा ही मुलगी आहे. ज्यांना हे चालत नाही त्यांनी काकूंशी बोलावं.

घरात मांजर आलं की माणसाला स्वयंपाकघर नव्याने शिकावं लागतं. कांदा-लसूण मांजराला विषारी. म्हणजे त्याला बारा महिने चातुर्मास, फक्त मासे खाऊन पाळायचा. गोडाची चव त्याच्या जिभेला कळतच नाही, त्यामुळे श्रीखंडाच्या भांड्याभोवती घुटमळणारं मांजर हे साखरेसाठी आलेलं नसून चक्क्यासाठी आलेलं असतं. आणि एक गोष्ट विनोदाबाहेरची: ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. आपल्या घरात ती सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत सगळ्याला चालते. मांजराचा एका गोळीने जीव जातो.

ज्यांना मांजर ठेवणं जमत नाही, ते मदत करतात. पैसे देणारे असतातच. मोडलेल्या पायाचं ऑपरेशन असेल तर वर्गणी निघते, आणि गणपतीच्या वर्गणीसारखी पावतीची मागणीही होते. पण या कामाला पैशाइतकीच गरज असते ती जुन्या वर्तमानपत्रांची आणि जुन्या चादरींची. इथे पुणेकराची खरी परीक्षा. ज्या माणसाने रद्दीवाल्याशी किलोमागे एका रुपयासाठी अर्धा तास घातला आहे, त्याला महिन्याची रद्दी फुकट द्या म्हणणं सोपं नाही. तरी लोक देतात. फक्त देताना पुरवण्या काढून घेतात. जुन्या चादरीचं अवघड आहे. मराठी घरात चादर जुनी होतच नाही. ती आधी गादीखाली जाते, मग इस्त्रीच्या टेबलावर, मग पायपुसणं होते आणि शेवटी गाडी पुसायला उरते. मांजराचा नंबर गाडीनंतर लागतो.

पिल्लं दोन-अडीच महिन्यांची झाली, लस टोचून झाली, की घरं शोधायची. त्यात काळ्यांचे हाल. आडवं जाण्याच्या भानगडीमुळे अनारशाला कोणी विचारेना. शेवटी तो एका पत्रिका बघणाऱ्या गृहस्थांकडे गेला. त्यांचा हिशेब असा की घरातलंच मांजर दिवसातून चाळीस वेळा आडवं जातं, त्यातलं कुठलं धरायचं? शास्त्र म्हणून हे मला पटलं.

घर शोधायचं म्हणजे आधी तपासायचं. आमच्याच इमारतीतल्या आप्पांना नातीच्या हट्टापायी मांजर हवं होतं. आप्पांच्या नारायण पेठेत भाड्याने द्यायच्या दोन खोल्या आहेत आणि चाळीस वर्षं ते भाडेकरूंच्या मुलाखती घेत आले आहेत. गाव कुठलं, खाणं काय, रात्री किती वाजता येता, पाहुणे किती दिवस टिकतात, गीझर किती वेळ लावता. या मुलाखतीत नापास होऊन मुंबईला परत गेलेले इंजिनिअर मला माहीत आहेत. त्या आप्पांकडे एका रविवारी पाठीला सॅक लावलेली विशीतली मुलगी आली. तिने चपला काढल्या, पाणी नको म्हणाली आणि फॉर्म उघडला.

“काका, घर स्वतःचं की भाड्याचं?”

आप्पांना हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नव्हता. “स्वतःचं,” ते जेमतेम म्हणाले.

“छान. खिडक्यांना जाळी आहे का?”

“आहे की. डासांची.”

“डासांची नको, मांजराची. डासांची जाळी ते नखाने फाडतं आणि कबुतरामागे उडी टाकतं.”

“अगं, मांजर चार पायांवरच पडतं.”

“चौथ्या मजल्यावरूनही पायांवरच पडतं, काका. मग पाय मोडतात. कधी कधी जबडा.”

आप्पांनी विषय बदलावा म्हणून नातीला पुढे केलं. तिचं वय सहा. मुलीने ते लिहून घेतलं. “ही शिकायला बाहेर गेली तर मांजर कोण बघणार?”

“ती पहिलीत आहे!”

“मांजर पंधरा वर्षं जगतं.”

आप्पांनी मनातल्या मनात बेरीज केली. सहा आणि पंधरा. मग चेहऱ्यावरून दिसलं की त्यांनी दुसरीही एक बेरीज केली, स्वतःच्या वयाची, आणि त्याच क्षणी मुलीने अत्यंत आदराने विचारलं, “आणि काका, तुमच्यानंतर?” बँकेच्या खात्याला नॉमिनी लावायला आप्पांनी सहा वर्षं घेतली होती, मांजराला त्यांनी जागच्या जागी सून लावली. मग मुलीने वॉशिंग मशीन बघितलं (मांजरं आत झोपतात), गॅलरी बघितली, आधार कार्डाचा फोटो घेतला आणि हमीपत्र पुढे केलं. सहा महिन्यांच्या आत नसबंदी, राहिलेल्या लसी वेळेवर, नकोसं झालं तर रस्त्यावर न सोडता आम्हालाच परत. “आणि आम्ही अधूनमधून बघायला येऊ.”

“कळवून?”

“न कळवता.”

जाळी बसवल्यावर आप्पांना लाडू मिळाला. त्यानंतर खोली बघायला आलेल्या पहिल्या भाडेकरूला त्यांनी फक्त नाव विचारलं म्हणतात.

एवढे प्रश्न कशाला, असं पुष्कळांना वाटतं. मला वाटत नाही. फुकट मिळालेलं मांजर लोक फुकटातच सोडून देतात. चार चकरा आणि जाळीचा खर्च झाला की सोडताना हात अडखळतो. सरकारी बाजूनेही मांजराला कागदावर आणायचा प्रयत्न झाला. 2022 च्या अखेरीस पुणे महापालिकेने कुत्र्यांप्रमाणे घरातल्या मांजरांसाठीही परवाना सक्तीचा करायचं ठरवलं. फी 50 रुपयांच्या आसपास. कल्पना वाईट नव्हती, पण परवाना काढायचा तर आधी मालक कोण हे ठरलं पाहिजे. आमच्या पार्किंगमधला बोका तीन मजल्यांवर जेवतो. त्याच्या बाजूने बघितलं तर परवाना त्याने काढायला हवा, आमच्या तिघांचा.

दुसरं टोक पुण्याने फेब्रुवारी 2025 मध्ये बघितलं. हडपसरच्या एका सोसायटीत साडेतीन बीएचके फ्लॅटमध्ये 300 च्या वर मांजरं असल्याचं उघड झालं. वास आणि आवाजाच्या तक्रारींवरून महापालिका, पशुसंवर्धन खातं, पोलीस सगळे येऊन गेले, नोटीस निघाली. शेजारी म्हणाले, पाच वर्षांपूर्वी पन्नास होती. बातमी वाचून शहर हसलं. साडेतीन बीएचकेमध्ये तीनशे म्हणजे खोलीमागे किती, हा भागाकार प्रत्येक ऑफिसात झाला. पण मला त्यात विक्षिप्तपणापेक्षा नाही म्हणता न येणं जास्त दिसतं. मांजर वाचवणारी अमुक बाई आहे हे एकदा पसरलं की लोक रात्री दाराशी खोकी ठेवून जातात. खोकं ठेवणारा पुण्य घेऊन घरी जातो आणि वास दुसऱ्याच्या घरी राहतो. शिवाय मांजरांचं गणित भयंकर. गर्भाचे दोन महिने, एका वेताला चार-पाच पिल्लं, आणि त्यातली मादी पाच-सहा महिन्यांत स्वतः आई व्हायला तयार. चक्रवाढ व्याज बँकांनी मांजरांकडून घेतलं असावं, असं आमचे काका म्हणतात.

म्हणून नसबंदी. दत्तक देण्याचे फोटो गोड असतात, पण खरं काम होतं ते पिंजरा लावून, बोका पकडून, ऑपरेशन करून, पुन्हा त्याच्या त्याच गल्लीत सोडण्याने. खूण म्हणून रस्त्यावरच्या मांजराच्या कानाचं टोक भुलीतच किंचित कापतात. आमचा बोका असा परत आला त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर “कोणा नराधमाने मुक्या जिवाचा कान कापला” असा मजकूर आला. लिहिणारे गृहस्थ तेच, ज्यांनी आदल्या महिन्यात त्या बोक्याला नदीपलीकडे सोडून यावं असा ठराव मांडला होता.

सभेतही हा विषय निघाला. काकांनी राज्यघटनेचं कलम 51 ए वाचून दाखवलं: प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. सेक्रेटरींनी शांतपणे विचारलं, त्याच यादीत मेंटेनन्स वेळेवर भरणं येतं का ते बघा. शेवटी सूचनाफलकावर कागद लागला: “जिन्यात मांजरांसाठी वाटी ठेवू नये. ठेवल्यास वाटी परत मिळणार नाही.” दुसऱ्या दिवशी त्याखाली पेनाने लिहिलेलं होतं: “ती वाटी चांदीची होती.” तेव्हापासून जिन्यात सगळे खाली बघत चालतात.

लाडू आप्पांकडे गेला, अनारसा ज्योतिषाकडे, करंजी बाणेरला एका डॉक्टर जोडप्याकडे. चिवडा राहिली. फॉस्टर करणाऱ्याने मांजर स्वतःच ठेवून घेतलं तर या लोकांत त्याला फॉस्टर फेल म्हणतात. काकूंना नापास हा शब्द मान्य नाही. त्या शिक्षिका होत्या. त्या म्हणतात, योग्य घर मिळालं की देणारच. घरं येतात. औंधचे आले, त्यांच्याकडे कुत्रा होता. कर्वेनगरचे आले, ते “हिचं नाव बदललं तर चालेल ना” म्हणाले. सहकारनगरचे आले, त्यांनी चिवडाला उचलताना मागच्या पायांखाली हात धरला नाही. मागच्या महिन्यात मात्र शनिवार पेठेतलं एक कुटुंब आलं. घर स्वतःचं, खिडक्यांना जाळी, मुलं शहाणी, आजी दिवसभर घरात, हमीपत्रावर सही करायला पेनही स्वतःचं आणलेलं. काकांनी वही बंद करून त्यांच्यापुढे ठेवली. काकूंनी दोन दिवस विचार करते सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी नाही कळवलं.

“आता त्यांच्यात काय खोट निघाली?” मी विचारलं.

“पार्किंग नाही.”

“मांजराला पार्किंग कशाला?”

“मांजराला नाही हो, मला. भेटायला जायचं म्हटलं तर शनिवारात गाडी लावू कुठे?”